विमानाचं भाडं साइटगणिक आणि घड्याळागणिक का बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमान एकच, तारीख एकच, रांगही तीच. तरी तीन टॅब उघडले तर तीन किमती दिसतात. मग माणूस रात्री उशिरा ब्राउझरचा इतिहास पुसत बसतो आणि दुसऱ्या देशात असल्याचं सोंग आणतो. यातल्या काही युक्त्यांना आधार आहे, बऱ्याचशांना नाही. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ज्या मुद्द्यात खरोखर पैसे दडलेले असतात तिथे उत्तर लांबलं आहे.

एकाच विमानाची किंमत दोन साइटवर वेगळी कशी?

तुम्हाला दिसणारी रक्कम एका ठिकाणी तयार होत नाही. विमान कंपनी आधी प्रत्येक मार्गासाठी भाड्यांची यादी बनवते. त्या यादीत प्रत्येक भाड्यामागे नियम असतात: किती दिवस आधी काढायचं, बदल करता येईल का, परतावा किती, कोणत्या देशात विकायचं. बहुतेक मोठ्या कंपन्या ही यादी एटीपीसीओ या संस्थेकडे पाठवतात. ही संस्था अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात आहे आणि तिची मालकी विमान कंपन्यांकडेच आहे. तिथून भाडी जगभरच्या आरक्षण प्रणालींमध्ये जातात.

यादीतलं कोणतं भाडं या क्षणी विक्रीला खुलं आहे, हे मात्र वेगळं खातं ठरवतं. उरलेल्या सीट आणि पुढच्या मागणीचा अंदाज पाहून ते स्वस्त भाडी उघडतं किंवा बंद करतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या अंतर्गत नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२४ साली क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला. भाड्याची यादी करणारं खातं आणि सीट वाटणारं खातं यांचा एकमेकांशी पुरेसा मेळ नसतो, असं त्यात दिसलं. आपण मात्र समजतो की पलीकडे कोणी सर्वज्ञ बसला आहे.

तिसरा भाग वितरणाचा. एजंट आणि साइट यांच्यापर्यंत सीट पोचवण्याचं काम प्रामुख्याने अमॅडेयस, सेबर आणि ट्रॅव्हलपोर्ट या प्रणाली करतात. सेबर १९६० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून उभी केली. अमॅडेयस १९८७ मध्ये एअर फ्रान्स, इबेरिया, लुफ्तान्सा आणि एसएएस यांनी सुरू केली. या मध्यस्थांना पैसे मोजावे लागतात म्हणून कंपन्या कुरकुरतात. सप्टेंबर २०१५ पासून लुफ्तान्सा समूहाने अशा प्रणालींतून निघालेल्या प्रत्येक तिकिटावर १६ युरोंचा जादा आकार लावला. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तो नव्हता. म्हणजे भाडं तेच राहिलं आणि फरक फक्त वाटेचा पडला.

शेवटी साइट स्वतःचं काहीतरी जोडते किंवा वजा करते. ते कसं, हे पुढे येईलच.

मी इकॉनॉमीचंच तिकीट काढतोय. मग शेजारच्या सीटवरचा माणूस कमी पैशांत कसा आला?

इकॉनॉमी हा केबिनचा प्रकार झाला. विक्रीच्या हिशेबात त्याच केबिनचे डझनभर भाग पाडलेले असतात आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं. त्याला फेअर क्लास म्हणतात. इकॉनॉमीचं पूर्ण, लवचीक भाडं बहुतेक कंपन्यांत ‘वाय’ या अक्षरात असतं. बाकीची अक्षरं सवलतीच्या उतरत्या पायऱ्या दाखवतात. त्यांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो.

स्वस्त भाड्यात आज किती सीट द्यायच्या आणि शेवटच्या आठवड्यात येणाऱ्या, जास्त पैसे मोजणाऱ्या प्रवाशासाठी किती राखायच्या, हा यातला मूळ प्रश्न. बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केनेथ लिटलवूड यांनी १९७२ मध्ये त्यावर साधा नियम मांडला. नंतर चढ्या भाड्यात ती सीट विकली जाण्याची शक्यता आणि ते भाडं यांचा गुणाकार करायचा. आजचं स्वस्त भाडं त्याहून जास्त भरत असेल, तर सीट आत्ताच विकून टाकायची. १९७८ मध्ये अमेरिकेने विमान भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवायचं ठरवलं आणि या गणिताला खरा भाव आला. अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये याच तंत्राच्या जोरावर मर्यादित सीट फार स्वस्तात विकून नव्या स्वस्त कंपन्यांना टक्कर दिली. पीपल एक्सप्रेस ही त्यांतली गाजलेली कंपनी १९८७ पर्यंत स्वतंत्र राहिली नव्हती.

यातून एक कामाची गोष्ट निघते. चौघांचं तिकीट एकत्र शोधलं आणि सर्वांत स्वस्त क्लासात तीनच सीट उरल्या असतील, तर बहुतेक प्रणाली चौघांनाही वरच्या क्लासाचं भाडं लावतात. म्हणून कुटुंबासाठी शोधताना आधी एकाच प्रवाशाची किंमत पाहा. ती कमी दिसली तर तीन आणि एक असे भाग पाडून तिकिटं काढता येतात. तोटा इतकाच की आरक्षण दोन होतात आणि उड्डाणात बदल झाला तर कंपनी दोन्ही गट एकत्र हलवेलच, याची खात्री नसते. लहान मुलं बरोबर असतील तर हा खटाटोप मी करणार नाही.

‘या किमतीत फक्त ३ सीट शिल्लक’ हे खरं की भीती घालणं?

बहुतेकदा खरं, पण अर्धं. तो आकडा त्या फेअर क्लासाचा असतो, विमानाचा नव्हे. विमान निम्मं रिकामं असतानाही तो दिसू शकतो. वितरण प्रणालीत एका क्लासात सहसा ९ पेक्षा मोठा आकडा दाखवतच नाहीत, त्यामुळे ‘९’ म्हणजे नऊ किंवा कितीही जास्त. ‘आत्ता २५ जण हेच पाहत आहेत’ असल्या ओळीकडे मात्र खुशाल दुर्लक्ष करा. पाहणाऱ्यांच्या संख्येने सीट कमी होत नाहीत.

तुलना करून देणारी साइट आणि तिकीट विकणारी साइट एकच का?

नाही. गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर, कायाक या मुख्यतः तुलना दाखवतात आणि पैसे भरायला दुसरीकडे पाठवतात. एक्सपिडिया, प्राइसलाइन यांसारख्या साइट एजंट असतात, म्हणजे तुमचे पैसे त्या घेतात. तिसरा प्रकार कंपनीची स्वतःची साइट.

गूगलचं शोधयंत्र मुळात आयटीए सॉफ्टवेअर या कंपनीचं. एमआयटीतल्या संगणकतज्ज्ञांनी ती १९९६ मध्ये काढली होती आणि गूगलने ती २०११ मध्ये ७० कोटी डॉलरला घेतली. मालकीही पाहून ठेवा. कायाक, प्राइसलाइन आणि अगोडा या बुकिंग होल्डिंग्जच्या. ऑर्बिट्झ आणि ट्रॅव्हलॉसिटी एक्सपिडिया समूहाच्या. स्कायस्कॅनर ट्रिपडॉटकॉम समूहाची. पाच साइट पाहिल्या म्हणजे पाच स्वतंत्र दुकानं पाहिली असं होत नाही. शिवाय कोणतीही तुलना-साइट सगळ्या कंपन्या दाखवत नाही. अमेरिकेतली साउथवेस्ट कितीतरी वर्षं अशा साइटवर नव्हतीच. गूगल फ्लाइट्सवर तिची भाडी २०२४ मध्ये दिसू लागली.

क्लिक केलं आणि किंमत वाढली. ही फसवणूक आहे का?

काही वेळा असेलही. पण नेहमीचं कारण फार कंटाळवाणं आहे: तुम्ही पाहिलेली किंमत शिळी होती. लोक शोधतात हजार वेळा आणि विकत घेतात एकदा. प्रत्येक शोधाला कंपनीच्या प्रणालीकडे विचारणा करायची तर खर्च परवडत नाही. म्हणून तुलना-साइट आधीच्या कुणाच्या शोधात मिळालेली किंमत काही काळ साठवून ठेवतात आणि तीच दाखवतात. मधल्या वेळात तो क्लास संपला की क्लिक केल्यावर नवी किंमत समोर येते. गर्दीच्या मार्गावर साठवलेली किंमत ताजी असते, कारण कोणी ना कोणी सतत शोधतच असतं. आडवळणाच्या मार्गावर ती बरीच जुनी असू शकते.

फरक ओळखायची खूण सांगतो. किंमत पहिल्या क्लिकलाच बदलली तर ती शिळी होती. नाव, पासपोर्ट, सीट असं सगळं भरून झाल्यावर अखेरच्या पानावर ‘सेवा शुल्क’ उगवलं, तर ती त्या साइटची रीत आहे. अशा साइटला मी दुसरी संधी देत नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या १००८ क्रमांकाच्या नियमानुसार कर आणि अटळ आकार धरूनची अंतिम किंमत सुरुवातीपासूनच दाखवावी लागते आणि विम्यासारखी ऐच्छिक जोड आधीच खूण करून ठेवता येत नाही. अमेरिकेतही २०१२ पासून जाहिरातीत पूर्ण भाडं दाखवणं बंधनकारक आहे. जगात सगळीकडे असं नाही.

एजंटाची साइट कंपनीपेक्षाही स्वस्त कशी विकते? तिला परवडतं कसं?

पूर्वी कमिशन असायचं. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीने १९९५ मध्ये त्याला कमाल मर्यादा घातली आणि मार्च २००२ मध्ये मूळ कमिशनच बंद केलं. इतर कंपन्या मागोमाग आल्या. तेव्हापासून एजंटाची कमाई इतर वाटांनी होते. वितरण प्रणालीकडून आरक्षणामागे मिळणारा मोबदला, मोठ्या विक्रीवर कंपनीकडून मिळणारं बक्षीस, हॉटेल आणि विमा यांची विक्री, आणि ग्राहकाकडून घेतलेलं शुल्क.

तुलना-साइटवर यादीत पहिलं येणं म्हणजे ग्राहक मिळणं. त्यासाठी काही एजंट तिकीट खरेदीच्या किमतीहूनही खाली दाखवतात. मग कसर भरून काढतात ती सामान, सीट, ‘लवचीक तिकीट’, ‘प्राधान्य ग्राहकसेवा’ यांतून. तुम्ही या सगळ्याला नको म्हणत गेलात तर तिकीट खरंच स्वस्त पडतं. पण पुढे तारीख बदलायची झाली की कंपनीच्या शुल्कावर एजंटाचं शुल्क चढतं आणि परतावा एजंटामार्फत येतो. उड्डाणाची वेळ बदलल्याचा निरोपही बऱ्याचदा आधी एजंटाकडे जातो.

आणखी एक कायदेशीर वाट आहे. घाऊक विक्रेत्यांना कंपन्या खासगी भाडी देतात. ती जाहीर यादीत नसतात आणि बरेचदा हॉटेलबरोबर एकत्र विकायच्या अटीवर दिलेली असतात. त्यामुळे ‘विमान अधिक हॉटेल’ हे पॅकेज कधीकधी नुसत्या विमानाच्या जवळपास पडतं. त्यात लबाडी नसते.

माझं मत विचाराल तर फरक किरकोळ असेल तेव्हा कंपनीकडूनच थेट घ्यावं. फरक ठसठशीत असेल आणि तारीख पक्की असेल, तर एजंट चालेल.

मी पुन्हापुन्हा शोधलं म्हणून साइटने भाडं वाढवलं ना? इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) उघडू का?

उघडा, बिघडत काही नाही. पण भाडं त्याने उतरेल अशी आशा ठेवू नका. वर सांगितल्याप्रमाणे जाहीर भाडी मध्यवर्ती यादीतून येतात आणि जगभरचे एजंट तीच वाचतात. तुमच्या एका शोधाने त्या यादीत फरक पडत नाही. दोन शोधांच्या मधे कोणीतरी दोन सीट घेतलेल्या असतात, किंवा साठवलेली किंमत ताजी झालेली असते. किंमत उतरते तेव्हा आपण कुकींना (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या नोंदींना) श्रेय देत नाही; चढली की मात्र दोष त्यांच्यावर.

संशय अगदीच हवेतला नाही, हेही खरं. २०१२ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दाखवून दिलं की ऑर्बिट्झ ही साइट मॅक संगणक वापरणाऱ्यांना महागडी हॉटेलं वर दाखवत होती. तीच खोली जास्त किमतीला विकली जात नव्हती. यादीचा क्रम बदलत होता. हे करणं सोपं आहे आणि त्याकडे लक्ष द्यायला हवं. ‘सर्वोत्तम’ असा क्रम लावून दिलेला असेल तर तो बदलून ‘सर्वांत स्वस्त’ करा. इन्कॉग्निटोपेक्षा याचा उपयोग जास्त.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता प्रत्येकाला वेगळं भाडं लावते म्हणतात.

२०२५ मध्ये डेल्टाने फेचर या कंपनीचं कृत्रिम बुद्धिमत्तेने भाडं ठरवण्याचं तंत्र वाढत्या प्रमाणात वापरणार असल्याचं सांगितलं आणि अमेरिकी सिनेटरांनी जाब विचारला. वैयक्तिक माहितीवरून एकेका ग्राहकाला वेगळं भाडं लावत नाही आणि लावणार नाही, असं कंपनीने उत्तर दिलं. चालू असलेला बदल वेगळा आहे. अक्षरांच्या ठरावीक पायऱ्यांऐवजी मधल्या कितीही किमती लावता याव्यात, अशी सोय कंपन्या करत आहेत. आयटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये एनडीसी हे नवं तांत्रिक मानक त्याच दिशेने आणलं. त्यातून कंपनी आपल्याच साइटवर किंवा निवडक एजंटाला असा प्रस्ताव देऊ शकते, जो इतरांकडे दिसणारच नाही. साइटसाइटमधला फरक यापुढे वाढेल तो यामुळे.

मंगळवारी किंवा मध्यरात्री तिकीट स्वस्त असतं का?

मंगळवारच्या समजुतीचा उगम अमेरिकेतल्या देशांतर्गत बाजारात सांगतात. एखादी कंपनी सोमवारी संध्याकाळी सवलत जाहीर करायची, स्पर्धक दुसऱ्या दिवशी तिच्याशी बरोबरी करायचे. भाडी दिवसातून ठरावीक वेळीच प्रणालीत चढत असत तेव्हा या तालाला काही अर्थ होता. आता भाडी दिवसभर बदलत असतात. आठवड्याचा वार महत्त्वाचा आहे, पण उड्डाणाचा. मंगळवारी किंवा बुधवारी निघणारं विमान शुक्रवार-रविवारपेक्षा साधारणपणे स्वस्त पडतं, कारण नोकरदार आणि सुट्टीवाले दोघांनाही मधला वार नको असतो.

मध्यरात्रीमागे अर्धी कथा खरी आहे. एजंटांनी धरून ठेवलेली पण पैसे न भरलेली आरक्षणं मुदत संपली की आपोआप रद्द होतात आणि त्या सीट परत विक्रीला येतात. सीट वाटपाचा मोठा फेरहिशेबही बरेचदा रात्री होतो. पण मध्यरात्र कोणाची? ही कामं तुमच्या घड्याळाकडे पाहून होत नाहीत. आणि फेरहिशेबात भाडं वर जाण्याची शक्यताही तितकीच असते. झोप मोडण्याइतका हा मुद्दा मोठा नाही.

मग टाइम झोनचा भाड्याशी संबंध काय? काहीच नाही?

आहे, पण तुम्ही कुठल्या टाइम झोनमध्ये बसून शोधता याच्याशी तो फारसा नाही. संबंध मुदतींशी आहे.

‘सात दिवस आधी’, ‘चौदा दिवस आधी’, ‘एकवीस दिवस आधी’ अशा अटी स्वस्त भाड्यांना असतात. हे दिवस उड्डाणाच्या तारखेपासून मागे मोजतात आणि उड्डाणाची तारीख निघण्याच्या विमानतळाची असते. तुम्ही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसून तिथलं तिकीट काढत असाल, तर तुमच्याकडे अजून मंगळवार असताना तिथे बुधवार उजाडलेला असू शकतो आणि काल दिसलेलं भाडं गायब होतं. लोक याला ‘टाइम झोनमुळे भाडं बदललं’ म्हणतात; बदललेली असते ती मुदत.

सवलतीच्या जाहिरातीतही हाच घोळ. ‘३१ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत’ म्हणजे बहुधा कंपनीच्या मुख्यालयाच्या किंवा त्या देशाच्या साइटच्या वेळेनुसार. बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. शेवटच्या रात्रीवर विसंबू नका.

तारखांचे गोंधळ तर भाड्यापेक्षा महाग पडतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. १५ तारखेला ००:२० वाजता सुटणाऱ्या विमानासाठी १४ तारखेच्या रात्री विमानतळावर पोचायचं असतं. ‘+१’ अशी खूण म्हणजे दुसऱ्या दिवशी पोचणार. टोकियोहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरतं, कारण मधे आंतरराष्ट्रीय वार रेषा येते. सामोआतल्या आपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला जाणाऱ्याला तर एका तासाहून कमी उड्डाणात आदल्या दिवशी पोचता येतं. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच वगळून रेषेची दुसरी बाजू धरली, त्याचा हा परिणाम. अशा प्रवासात हॉटेलची तारीख विमान पोचण्याच्या तारखेवरून ठरवा, निघण्याच्या दिवसावरून नको.

मार्चमध्ये आणखी एक खाच असते. अमेरिका घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि युरोप शेवटच्या. मधल्या दोनतीन आठवड्यांत दोन्हींतलं अंतर तासाने वेगळं असतं. वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास आखला असेल तर थांब्याचा वेळ त्या आठवड्यासाठी पुन्हा मोजा.

व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं साइटला भासवणारी सेवा) लावून दुसऱ्या देशाच्या साइटवरून काढलं तर स्वस्त पडेल का?

कधीकधी पडतं. सोशल मीडियावर सांगतात तितक्या वेळा नाही.

भाड्यावर सर्वांत मोठा परिणाम प्रवास कुठून सुरू होतो याचा. अ शहरातून ब शहरात जाऊन परत येण्याचं भाडं आणि ब मधून अ ला जाऊन परत येण्याचं भाडं वेगळं असतं, जरी विमानं तीच असली तरी. त्या त्या बाजारातली स्पर्धा, मागणी आणि लोकांची ऐपत पाहून ते ठरवलेलं असतं. करही निघण्याच्या देशावर अवलंबून असतात. उदाहरणार्थ, ब्रिटनचा हवाई प्रवासी कर तिथून निघणाऱ्यावर लागतो, तिथे पोचणाऱ्यावर नाही. हे काही व्हीपीएनने बदलत नाही.

व्हीपीएनने बदलू शकतं ते विक्रीचं ठिकाण. काही भाडी ठरावीक देशातच विकायची असतात आणि काही सवलती एकाच देशाच्या साइटवर लागतात. तिथे फरक मिळू शकतो. पण पैसे भरताना कार्ड त्या देशाचं हवं, अशी अट आडवी येते. युरोपीय संघात मात्र संघातल्या विमानतळांवरून निघणाऱ्या उड्डाणांच्या भाड्यात ग्राहकाचं राष्ट्रीयत्व किंवा राहण्याचं ठिकाण पाहून भेद करायला वर उल्लेखलेला १००८ क्रमांकाचा नियमच मनाई करतो.

या वाटेचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०१५ चं. युनायटेड एअरलाइन्सच्या डेन्मार्कच्या साइटवर चलनाच्या रूपांतरात चूक झाली आणि लंडनहून अमेरिकेला जाणारं पहिल्या वर्गाचं तिकीट अवघ्या ७५ डॉलरच्या आसपास दिसू लागलं. हजारो लोकांनी आपण डेन्मार्कमध्ये असल्याचं लिहून तिकिटं काढली. कंपनीने ती रद्द केली आणि अमेरिकी परिवहन खात्याने कंपनीला ती पाळायला लावली नाही. पत्ता खोटा लिहून मिळवलेल्या भाड्याचं शेवटी काय होतं, ते यावरून पाहा.

कोणत्या चलनात पैसे भरावेत?

आंतरराष्ट्रीय भाडी सहसा प्रवास सुरू होणाऱ्या देशाच्या चलनात ठरलेली असतात; काही देशांसाठी डॉलर वापरतात. साइट ते तुमच्या चलनात फिरवून दाखवते आणि त्या दरात स्वतःची कसर ठेवू शकते. ‘तुमच्याच चलनात भरा’ हा प्रस्ताव दिसला की आधी मूळ चलनातली रक्कम पाहा, तिला तुमच्या बँकेचा दर आणि परकीय व्यवहाराचं शुल्क लावून पाहा, मगच ठरवा. बहुतेकदा मूळ चलन बरं पडतं. ज्या कार्डावर परकीय व्यवहाराचं शुल्क जबर आहे तिथे उलटही होतं.

किती दिवस आधी काढावं?

याचा एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वॉशिंग्टन विद्यापीठातले ओरेन एट्झिओनी यांनी भाड्याचं भाकीत करणारी फेअरकास्ट ही सेवा काढली. मायक्रोसॉफ्टने ती २००८ मध्ये विकत घेतली आणि काही वर्षांनी भाकीत दाखवणं बंद केलं. सामान्य प्रवाशाने एवढं धरावं: २१, १४ आणि ७ दिवसांच्या उंबरठ्यांपलीकडे भाडं चढण्याची शक्यता वाढते. सणासुदीच्या आणि शाळांच्या सुट्टीच्या तारखा लवकर घ्याव्यात. बाकीच्यांसाठी भाड्याची सूचना लावून ठेवावी. शेवटच्या क्षणी रिकाम्या सीट फुंकून टाकतात हा समज जुना झाला. उशिरा येणारा प्रवासी गरजू असतो आणि कंपन्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

दोन कंपन्यांची वेगळी तिकिटं जोडलेला प्रवास फारच स्वस्त दिसतोय. घेऊ?

पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही, सामान मधे स्वतः उतरवून घ्यावं लागेल आणि त्यासाठी मधल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. थांबा ऐसपैस असेल तर घ्या. एकाच तिकिटावरच्या प्रवासात थांब्याच्या गावी उतरून पुढचा टप्पा सोडून द्यायचा बेत असेल, तर तो फक्त शेवटच्या टप्प्याला आणि फक्त हातातल्या सामानासह जमतो. आधीचा टप्पा सोडला तर पुढचे सगळे रद्द होतात.

तुलना नेमकी कशी करायची?

दोन टॅबमधल्या किमती एकाच गोष्टीच्या आहेत का, ते आधी पाहा. एकीत २३ किलोंचं सामान असतं आणि दुसरीत फक्त पाठपिशवी. एकीत तारीख बदलता येते, दुसरीत नाही. फेअर क्लासाचं अक्षर किंवा ‘लाइट’, ‘बेसिक’ असं भाड्याचं नाव जुळवा. तुलना-साइटवर तारखा आणि कंपनी ठरवा, मग त्याच कंपनीच्या साइटवर जा आणि दोन्हीकडे पैसे भरण्याच्या अगदी आधीच्या पानापर्यंत जाऊन एकूण रक्कम पाहा. हे दोन्ही शोध लागोपाठ करा. सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक यांची तुलना निरर्थक आहे. जाण्यायेण्याचं एकत्र आणि दोन एकेरी असंही पाहून घ्या. स्वस्त कंपन्यांत फरक पडत नाही, मोठ्या कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या मार्गांवर एकेरी तिकीट बरेचदा विचित्र महाग असतं.

तिकीट काढलं आणि दुसऱ्याच दिवशी भाडं उतरलं. आता?

अमेरिकेला जाणाऱ्या, तिथून निघणाऱ्या किंवा तिथल्या अंतर्गत उड्डाणांचं तिकीट कंपनीकडून थेट आणि किमान सात दिवस आधी काढलं असेल, तर कंपनीला दोनपैकी एक सोय द्यावी लागते: सांगितलेलं भाडं २४ तास विनाशुल्क राखून ठेवणं, किंवा २४ तासांत रद्द केल्यास पूर्ण परतावा. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाला हा नियम तसाच लागू होत नाही. इतरत्र त्या त्या देशाचा नियम आणि तिकिटाच्या अटी पाहाव्या लागतात. बदलाचं शुल्क नसलेलं भाडं असेल तर त्याच उड्डाणावर नव्याने तिकीट करून फरकाचं क्रेडिट मागता येतं. काही कंपन्या ते देतात, पण विचारल्याशिवाय नाही. आधी नवं तिकीट पक्कं करून मग जुनं रद्द करायचं असेल तर एक काळजी घ्या: एकाच नावाने एकाच उड्डाणावर दोन आरक्षणं दिसली की प्रणाली त्यांतलं एक स्वतःच काढून टाकू शकते, आणि कोणतं काढायचं हे ती तुम्हाला विचारत नाही. फोन करून अदलाबदल करून घेणं जास्त सुरक्षित.